नोकरी लागली, हप्ते मात्र येत राहिले

अमळनेर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील आवश्यक तेवढा भाग पुढे देत आहे.

"माझ्या पतीच्या नावावर दीड हेक्टर कोरडवाहू जमीन आहे. सासूबाईंच्या नावावर वेगळा सातबारा आहे. सासरे २०१६ मध्ये वारले, तेव्हा वारसाने ती जमीन त्यांच्याकडे आली. २०१९ मध्ये पती आणि सासूबाई दोघांनीही पीएम-किसान योजनेत नाव नोंदवले आणि दोघांनाही पहिल्या हप्त्यापासून पैसे मिळाले. माझे वडील जिल्हा परिषदेत नोकरीला होते. त्यांच्या निधनानंतर अनुकंपा तत्त्वावर मला कनिष्ठ सहायक म्हणून नियुक्ती मिळाली आणि मी १६ जून २०२२ रोजी रुजू झाले. त्यानंतर योजनेतून नाव कमी करायला हवे, हे आम्हाला खरोखर ठाऊक नव्हते. पतीने दरम्यान इ-केवायसीही केली, तेव्हाही कोणी काही विचारले नाही. आता तहसील कार्यालयाची नोटीस आली आहे. पहिल्यापासूनचे सगळे वीस हप्ते, म्हणजे ४०,००० रुपये, पंधरा दिवसांत भरा, अन्यथा जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करू, असे त्यात म्हटले आहे. पती म्हणतात, ओला असला तरी वेचलेला कापूस खेडा खरेदीत, म्हणजे दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला, विकून टाकू आणि मोकळे होऊ. सासूबाई म्हणतात, 'तुले नोकरी लागनी नि घरमा नोटीस उनी.' त्यांचेही हप्ते परत करावे लागतील का? माझ्या नोकरीवर काही येईल का? रात्री झोप लागत नाही."

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात कागद घेऊन तारखा आणि हप्ते मांडले. महसूल खात्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली, त्यातली बरीचशी आवक-जावक आणि वसुलीच्या टेबलावर गेली, त्यामुळे अशा नोटिशीचा कागद घरात आला की घराचे काय होते हे मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळ पाहिले आहे. म्हणून आधी मुख्य गोष्ट सांगतो. तुमच्या घराकडून पैसे परत जायला हवेत हे खरे आहे, परंतु नोटिशीत लिहिलेला आकडा मला बरोबर दिसत नाही. घाबरून ४०,००० भरणे जितके चुकीचे, तितकेच रागावून काहीच न भरणे चुकीचे. जेवढी चूक झाली तेवढीच, पण ती पूर्णपणे, लेखी कबूल करावी, असे माझे मत आहे, आणि पुढचे सगळे सांगणे त्याच अनुषंगाने आहे.

चूक नेमकी कोठे झाली ते पाहू. या योजनेत 'कुटुंब' म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अज्ञान मुले, म्हणजे अठरा वर्षांखालील मुले. या कुटुंबातील एकही व्यक्ती केंद्र किंवा राज्य शासनाच्या सेवेत असेल, किंवा जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थेत नियमित कर्मचारी असेल, तर ते कुटुंब लाभास अपात्र ठरते. यातून फक्त चतुर्थ श्रेणीचे, म्हणजे गट ड चे आणि बहुउद्देशीय कर्मचारी वगळलेले आहेत. तुम्ही शिपाई किंवा परिचर या पदावर असता तर ही नोटीसच चुकीची ठरली असती. कनिष्ठ सहायक हे पद गट क मध्ये येते, त्यामुळे तुम्ही रुजू झालात त्या दिवसापासून तुमच्या पतीची पात्रता संपली. जमीन त्यांची, नोकरी तुमची, मग माझा काय संबंध, असे त्यांना वाटत असेल तर ते स्वाभाविक आहे, पण पती आणि पत्नी हे या नियमात एकच कुटुंब आहेत आणि तेथे वाद घालायला जागा नाही.

इ-केवायसीविषयी तुम्ही लिहिले आहे, त्याबाबतचा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून थोडे थांबतो. अंगठा लावून किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून जी इ-केवायसी होते, तिच्यात लाभार्थी म्हणजे तोच माणूस आहे की नाही एवढेच तपासले जाते. त्याच्या घरात कोणाला नोकरी लागली, कोणी आयकर भरला, कोणाची जमीन विकली गेली, हे तेथे कोणी विचारत नाही. त्यामुळे 'केवायसी झाली, म्हणजे सरकारने तपासले आणि तरीही पैसे पाठवले' असा युक्तिवाद उत्तरात करू नका. तो टिकणार नाही, आणि तुमच्या बाजूने जे खरोखर टिकणारे आहे तेही त्यामुळे झाकले जाईल. इतकी वर्षे यंत्रणेने पडताळणी केली नाही, हा यंत्रणेचा दोष मीही मान्य करतो, आणि माझ्या मते तो गंभीर दोष आहे, कारण चार महिन्यांत २,००० रुपये परत करणे शेतकऱ्याला जमते, तीन वर्षांचे एकदम परत करणे जड जाते. पण त्या दोषामुळे देणे माफ होत नाही.

आता तुमच्या बाजूने टिकणारे काय आहे ते सांगतो. २०१९ मध्ये तुमच्या पतीने स्वयंघोषणापत्र दिले, तेव्हा तुम्ही नोकरीत नव्हता. कुटुंबातील कोणीही अपात्रतेच्या वर्गात बसत नाही, हे त्यांचे म्हणणे त्या दिवशी शंभर टक्के खरे होते. मार्गदर्शक सूचनांमध्ये वसुलीची तरतूद आहे ती खोट्या घोषणेवरून घेतलेल्या लाभासाठी. पहिल्या दिवसापासून अपात्र असलेल्या माणसाकडून पहिल्या हप्त्यापासून वसुली होणे न्याय्य आहे. तुमच्या पतीने मात्र खोटे सांगून पैसे घेतले नाहीत. परिस्थिती बदलल्यावर ते कळवायचे त्यांच्याकडून राहून गेले. म्हणजे वसुली बदलाच्या तारखेपासून व्हायला हवी, नोंदणीच्या तारखेपासून नव्हे. नोटीस तयार करणाऱ्याने बहुधा यादीत 'अपात्र' असा शेरा पाहिला आणि आजवरच्या हप्त्यांची बेरीज करून टाकली. यात कोणाचा वाईट हेतू असतो असे मी म्हणणार नाही. एका गावाच्या यादीत तीस-चाळीस नावे असली की प्रत्येकाची रुजू होण्याची तारीख काढत बसायला तेथे कोणाला वेळ नसतो, आणि म्हणूनच ती तारीख तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर ठेवायला हवी.

हिशेब असा आहे. अकरावा हप्ता ३१ मे २०२२ रोजी जमा झाला आणि तुम्ही १६ जूनला रुजू झालात. म्हणजे पहिले अकरा हप्ते, २२,००० रुपये, तुमच्या पतीच्या हक्काचे होते. बारावा हप्ता १७ ऑक्टोबर २०२२ रोजी आला, आणि तेव्हापासून २ ऑगस्ट २०२५ च्या विसाव्या हप्त्यापर्यंत नऊ हप्ते झाले. त्यांचे १८,००० रुपये परत करायचे आहेत. ४०,००० आणि १८,००० यांतला फरक लहान नाही. कोरडवाहू दीड हेक्टरात तेवढ्यात पुढच्या हंगामाचे बियाणे आणि खत निघते.

परंतु ताई, हिशेब येथेच संपत नाही, आणि पुढचे वाचून तुमच्या पतीला आनंद होणार नाही. राज्य शासनाची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना २०२३ पासून सुरू झाली आणि पीएम-किसानच्या लाभार्थ्यांनाच तिचे वर्षाला ६,००० रुपये मिळतात. पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीच्या कार्यक्रमात वितरित झाला, दुसरा आणि तिसरा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी एकत्र आला, आणि सप्टेंबर २०२५ पर्यंत असे सात हप्ते झाले. तुमच्या पतीला ते सगळे मिळाले असतील तर ते १४,००० रुपये होतात, आणि ते सर्वच्या सर्व तुमच्या नोकरीनंतरचे आहेत. नोटिशीत त्यांचा उल्लेख नाही. घरात कोणीतरी नक्कीच म्हणेल की मागितलेले नाही तर आपण होऊन कशाला सांगायचे. माझा सल्ला आहे की आपण होऊन सांगावे. एक तर पीएम-किसानमधून नाव अपात्र ठरले की नमोची यादी त्याच नोंदीवरून तपासली जाणार, मग वर्षभराने दुसरी नोटीस येणार आणि घरात हेच पुन्हा होणार. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तुम्ही तहसीलदारांना सांगणार आहात की आमच्याकडून अजाणतेपणी राहून गेले, आम्ही काही लपवलेले नाही. ते सांगणाऱ्या अर्जातच १४,००० रुपये लपवलेले असतील तर त्या वाक्याला काय किंमत राहील? दोन्ही मिळून ३२,००० रुपये होतात. हा आकडा ४०,००० च्या फार खाली नाही हे मला कळते, पण तो खरा आहे.

ही बेरीज मी तुमच्या पत्रावरून केली आहे. अर्ज लिहिण्याआधी ती पासबुकावरून ताडून घ्या, आणि येथे एक खाचखळगा आहे. अलीकडे हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ज्या बँकेत आधार शेवटी जोडले गेले तेथे ते जाऊन पडतात. गावात टपालवाल्याने अंगठा घेऊन पोस्टाचे खाते उघडून दिले असेल, तर आधीचे हप्ते राष्ट्रीयीकृत बँकेत आणि मधलेच दोन-तीन पोस्टाच्या खात्यात, असे सर्रास झालेले आहे. माणूस बँकेचे पासबुक पाहतो आणि शपथेवर सांगतो की मला एवढे आलेच नाहीत. म्हणून पतीच्या नावाची जितकी खाती असतील तितकी पासबुके छापून आणा, किंवा बँकेकडून २०१९ पासूनचा शिक्क्यासह उतारा घ्या, आणि लाल पेनाने २,००० च्या प्रत्येक नोंदीपुढे हप्त्याचा क्रमांक लिहा. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून हप्त्यांची स्थिती पाहता येते, तेही छापून घ्या. एखादा हप्ता तेथे दिसतो पण एकाही खात्यात जमा नसेल, तर तो परत करण्याचा प्रश्नच येत नाही, मात्र तसे अर्जात स्पष्ट लिहायला हवे.

या सगळ्याच्या आधी एक काम आजच करा. त्याच संकेतस्थळावर लाभ स्वेच्छेने सोडण्याची सोय आहे, ती वापरून पतीचे नाव बंद करा आणि आलेली पोच छापून ठेवा. संगणकाची सवय नसेल तर सीएससी, म्हणजे सामाईक सेवा केंद्रात जा, पण स्वतः समोर बसून करा, आणि नोंदणी क्रमांक पतीचाच टाकला आहे, सासूबाईंचा नाही, हे दोनदा पाहा. पुढचा हप्ता कधीही जमा होईल, आणि नोटीस मिळाल्यानंतर खात्यात आलेला हप्ता 'माहीत नव्हते' या सदरात बसत नाही. तरीही तो आलाच तर त्याला हात लावू नका आणि अर्जाच्या हिशेबात तो मिळवा.

आता अर्ज. तो तुमच्या पतीच्या नावाने आणि सहीने जायला हवा, कारण लाभार्थी ते आहेत; तुम्ही लिहून द्या, हरकत नाही. फार लांब लिहू नका, आणि 'गरीब शेतकरी आहे, दया करावी' या वळणावरही जाऊ नका, कारण तुमच्याकडे त्याहून भक्कम मुद्दा आहे. साधारण असा मजकूर पुरेसा होईल:

"आपली नोटीस मला अमुक तारखेस मिळाली. मी २०१९ मध्ये नोंदणी केली तेव्हा माझ्या कुटुंबातील कोणीही शासकीय अथवा निमशासकीय सेवेत नव्हते. माझी पत्नी दिनांक १६ जून २०२२ रोजी जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक (गट क) या पदावर रुजू झाली. रुजू अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. त्या दिनांकापासून मी अपात्र ठरतो हे मला मान्य आहे. हा बदल वेळेत कळवण्याचे माझ्याकडून अनवधानाने राहून गेले. त्या दिनांकापूर्वी मिळालेले पहिले अकरा हप्ते, रुपये २२,०००, मला पात्र असताना मिळालेले असल्याने ते वसुलीतून वगळावेत. बारा ते वीस हे नऊ हप्ते, रुपये १८,०००, परत करण्यास मी तयार आहे. तसेच नमो शेतकरी महासन्मान निधीचे सात हप्ते, रुपये १४,०००, मला मिळाले असून ते कोणत्या पद्धतीने व कोणत्या खात्यात जमा करावेत हे लेखी कळवावे. कृपया सुधारित मागणी द्यावी, आणि तोपर्यंत नोटिशीनुसार सक्तीची कार्यवाही करू नये."

सोबत नोटिशीची प्रत, नियुक्ती आदेश आणि रुजू अहवाल, बँक उतारा, लाभ सोडल्याची पोच आणि पतीचा सातबारा जोडा. २०१९ च्या स्वयंघोषणापत्राची प्रत घरात नसेल तर ती माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्याखाली, मागता येते. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, तेव्हा तिच्यासाठी हा अर्ज थांबवू नका. पंधरा दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजायचे की ती हातात पडल्यापासून, हा वाद टाळण्यासाठी कोतवालाने नोटीस दिली तो दिवस नोटिशीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पण खरे सांगायचे तर पंधराव्या दिवसाची वाटच कशाला पाहायची? याच आठवड्यात जा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. 'साहेब नाहीत, ठेवून जा' असे कोणी म्हणाले तर अर्ज ठेवून येऊ नका. आवक शाखेला अर्ज घेण्यासाठी साहेब जागेवर असावे लागत नाहीत. तरीही घेतला नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयातही द्या, कारण या योजनेचे काम दोन्ही खात्यांत विभागलेले आहे आणि एकाला माहीत असलेले दुसऱ्याला माहीत असतेच असे नाही.

पोचेवर मी एवढा भर का देतो, ते सांगतो. नोकरीत असताना माझ्यासमोर एक वृद्ध गृहस्थ आले होते. निराधार योजनेत त्यांच्या पत्नीला काही महिने जादा अनुदान गेले होते आणि त्याची वसुली निघाली होती. नोटीस आली तशी त्यांनी रक्कम आणून दिली होती, रोख, कोणाच्या तरी हातात, आणि पावती मागायला संकोच वाटला म्हणून तसेच परत गेले होते. दोन वर्षांनी तीच नोटीस पुन्हा निघाली. खताच्या रिकाम्या पिशवीतून त्यांनी माझ्या टेबलावर सगळे कागद ओतले, रेशनकार्ड, पत्नीचा मृत्यूचा दाखला, वीजबिले, एक लग्नपत्रिकासुद्धा, आणि त्या ढिगात ती एक पावती मात्र नव्हती. पैसे कोणाला दिले ते नावही त्यांना सांगता येईना. ते खरे बोलत आहेत हे मला दिसत होते आणि माझ्या हातात करण्यासारखे काहीही नव्हते. त्यांनी दुसऱ्यांदा पैसे भरले.

म्हणून पैसे रोख कोणाच्याही हातात देऊ नका. पीएम-किसानचे पैसे त्याच संकेतस्थळावरील ऑनलाइन परताव्याच्या सोयीने भरता येतात, किंवा तहसील कार्यालय जे शासकीय खाते लेखी सांगेल त्यात धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) भरता येतात. तुम्हाला मान्य असलेले १८,००० रुपये सुधारित मागणी येताच भरा; ती यायला उशीर होत असेल तर नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी तेवढी रक्कम 'हप्ता क्रमांक १२ ते २० पोटी, उर्वरित मागणीस हरकत ठेवून' असे अर्जात नमूद करून भरून टाका. एकरकमी जमत नसेल तर नमोच्या रकमेसाठी दोन-तीन टप्पे मागा. तहसीलदारांना अशी विनंती करता येते, मात्र ती मान्य होईलच असे धरून चालू नका. आणि 'मी मिटवून देतो' म्हणणाऱ्या कोणाच्याही मोबाइल क्रमांकावर रक्कम टाकू नका. पीएम-किसानच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये अॅप बसवणाऱ्या, फायली उघडून लोकांची खाती रिकामी झाली आहेत. नोटीस आलेला माणूस घाबरलेला असतो आणि तोच त्यांच्या जाळ्यात आधी सापडतो. शंका असल्यास योजनेचा मदत क्रमांक १५५२६१ आहे.

कापूस ओला असताना खेडा खरेदीत घालण्याचा विचार तुमच्या पतीने सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता; तो पूर्ण मिळायला ओलावा ८ टक्क्यांच्या आत लागतो, आणि त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते. पंधरा दिवसांच्या नोटिशीच्या धाकाने ओला माल दारात आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर चढवला, तर वसुलीखेरीज दुसरे नुकसान आपण होऊन ओढवून घेतल्यासारखे होईल. अर्ज वेळेत दाखल झाला की वाळवायला सवड मिळेल.

जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली, या शब्दांचा अर्थही स्पष्ट करतो. उत्तर दिले नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्या रकमेचा बोजा चढू शकतो. बोजा चढला की विकास सोसायटीच्या पीककर्जाच्या वेळी गटसचिव तो उतारा समोर धरतो आणि काम अडते. तो उतरवायला पुन्हा फेरफार, पुन्हा खेपा. म्हणूनच मी मुदतीचा एवढा धोशा लावला आहे. रक्कम भरून झाल्यावर 'काहीही येणे बाकी नाही' असे पत्र मागून घ्या आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पतीचा सातबारा महाभूलेख या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

तहसीलदारांनी २२,००० रुपये वगळण्यास नकार दिला, तर तो नकार लेखी मागा आणि अमळनेरलाच प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागा. त्यासाठी वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य कायदेशीर मदत मिळते. लाभार्थी पती असले तरी तुम्ही स्वतः तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जाऊन सल्ला घेऊ शकता; त्यांचा देशभराचा क्रमांक १५१०० आहे.

तुमच्या नोकरीविषयी. तुम्ही कळवले आहे त्यावरून नोटीस वसुलीची आहे, पतीच्या नावाची आहे, आणि तुमच्यावर त्यात कोणताही आरोप नाही. तुम्ही कोठेही खोटी माहिती दिलेली नाही. तरीही अर्जाची पोच आणि पैसे भरल्याच्या पावत्या यांचा एक संच कार्यालयातील तुमच्या कपाटात ठेवा आणि वरिष्ठांच्या कानावर ही गोष्ट आपण होऊन घाला. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली की ती कोणाच्या तरी तोंडून त्यांच्यापर्यंत पोहोचणारच आहे. ती तुमच्याकडून, कागदांसह पोहोचलेली बरी. नोटिशीत पुढे कधी फौजदारी कारवाईची भाषा आली, तर मात्र स्वतः उत्तर न लिहिता आधी विधी सेवा समितीतील वकिलाला दाखवा.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या नावावर स्वतंत्र सातबारा आहे, ती जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या पूर्वीच वारसाने त्यांच्याकडे आलेली आहे, आणि योजनेच्या व्याख्येत सून ही सासूच्या कुटुंबात येत नाही. तुम्ही एका चुलीवर जेवता म्हणून तुमची नोकरी त्यांना अपात्र ठरवत नाही. त्या स्वतः निवृत्तिवेतन घेत नसतील आणि आयकर भरत नसतील, तर आजवरचा एकही हप्ता त्यांना परत करायचा नाही आणि पुढचेही त्यांना मिळत राहायला हवेत. हे त्यांना आज रात्रीच, जेवणे झाल्यावर शेजारी बसून, त्यांच्याच बोलीत सांगा. त्या जे बोलल्या ते तुमच्या नोकरीवरच्या रागापेक्षा स्वतःच्या पैशांच्या भीतीने बोलल्या असाव्यात, असे मला पत्र वाचताना वाटले. आणि पतीचे नाव बंद करायला केंद्रात जाल, तेव्हा सासूबाईंनाही सोबत घेऊन जा, म्हणजे त्यांची इ-केवायसी आणि आधारशी जोडलेले खाते एकदाच तपासून होईल.